थंडीसाठी चार दिवस

मी एक जुना शीतक आहे. मित्रांनो, घरातल्या फ्रीजशी माझी गल्लत करू नका. ताऱ्यांमधल्या पोकळीहूनही कडक थंडी माझ्या पोटात असते. क्वांटम संगणकाची चिप एवढ्याच थंडीत काम करते. जरा ऊब लागली की ती सगळं विसरते.

सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या एकाखाली एक टांगून मला घडवलं. सुरुवातीला पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. त्याच वर्षी भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी आली. माझा पंप धडधडे आणि ती येरझाऱ्या घाली; स्वस्थ बसणं दोघांनाही जमेना. माझ्याच सोबतीनं तिनं डॉक्टरेट मिळवली, मग बाहेर दोन तात्पुरत्या नोकऱ्या करून ती तिसऱ्या तात्पुरत्या नोकरीवर पुन्हा याच प्रयोगशाळेत आली. तोवर वरिष्ठांसाठी नवा शीतक आला होता. माझ्यावर लोक रिकामी खोकी ठेवत.

मग क्वांटम संगणक बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला कायमची जागा देऊ केली. अट एकच: तिची चिप माहिती किती वेळ टिकवते, तो आकडा शुक्रवारपर्यंत हवा. घाईत तिनं चिप पोलादी स्क्रूंनी आवळली. मला कळलं, पण तोंड कुठे होतं? थंडीत तांबं पोलादापेक्षा जास्त आकसतं. पितळी स्क्रू थंडीत उलट घट्ट होतात; हे पोलादी सैल पडले, चिप पुरती गार झालीच नाही. बुधवारी आकडा आला, अपेक्षेच्या निम्माही नाही.

वर्कशॉपचे काका डोकावले. "पितळी स्क्रू कुठे गेले?"

"संपले होते, काका."

"मग मागायचे! मी काय त्यांचं लोणचं घालतोय?"

"आता उघडायचं तर ऊब यायला दोन दिवस, गार व्हायला दोन."

"मग हाच आकडा पाठव."

"हा चिपचा नाही काका, माझ्या चुकीचा आकडा आहे."

तिनं कंपनीला फोन लावला. "चूक माझी आहे. सोमवारपर्यंत थांबाल?"

"कळवतो."

उत्तराची वाट न पाहता तिनं मला उबेला लावलं.

सोमवारी आकडा आला, पहिल्याच्या तिप्पट. तासाभरानं उत्तरही आलं: जागा दुसऱ्याला दिली होती. काका तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. मग ती उठली आणि तिनं पुढची मोजणी सुरू केली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तुमची घाई कळत नाही. शांतपणे विचारलंत तर मात्र आम्ही खरं तेच सांगतो. माझ्या पंपाचं तेल वेळेवर बदला, मला मोडीत काढू नका. तिची मोजणी अजून चालू आहे.