सोळा उंदीर

काचेच्या भांड्यात पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या सोन्याच्या पत्र्यावर तिने लेसर सोडला. बारीक टिकटिक सुरू झाली आणि पाणी हळूहळू लालसर होऊ लागलं. डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण त्यात सुटत होते. हे कण कॅन्सरच्या गाठीत सोडायचे, वरून प्रकाश टाकायचा, की कण तापतात आणि गाठ जळते. निदान उंदरांमध्ये तरी.

दार ढकलून सर आत आले. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच तिला आपल्या प्रयोगशाळेतून काढलं होतं. कामात लक्ष नाही, असा शेरा मारून. तिने लेसर बंद केला, चष्मा काढला. बसा मात्र म्हणाली नाही.

"काकूंच्या यकृतात गाठ आहे. डॉक्टरांनी हात टेकले," सर आपल्या बायकोबद्दल म्हणाले. "तुझ्याकडचे थोडे कण दे."

"माणसांवर अजून चाचणी झालेली नाही, सर."

"आपल्या पेपरात बाराही उंदीर जगले होते."

आपल्या. त्या पेपरावर तिचं नावही नव्हतं.

"काकू कुठे आहेत?"

"बाहेर बसल्यात."

"त्यांना आत बोलवा. उंदीर किती होते, ते त्यांच्यासमोर सांगा. मग बघू."

कण द्यायचे नाहीत, हे तिचं ठरलेलंच होतं. तरीही ती 'बघू' म्हणाली.

काकू भिंतीचा आधार घेत आल्या. हातात जाडजूड फाइल. सरांनी दोनदा घसा खाकरला.

"सोळा होते. चार या कणांनीच गेले. ते आम्ही पेपरात धरले नाहीत. ही धरा म्हणत होती."

काकूंचा चेहरा कधी उतरतो, याकडे ती टक लावून पाहत होती. तो उतरला नाही.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्या वहीवरून पेपर मीच टाइप केला होता. चार ओळींवर काट मारलेली होती. तुम्हाला वाटलं, बायकोला काय कळतंय."

मग काकू सरांकडे वळल्या.

"मला औषध नकोच होतं. तुम्हाला इथे आणायचं होतं."

तिने खुर्ची पुढे ओढली. काकू सावकाश बसल्या, फाइल मांडीवर ठेवली. सर उभेच होते.

"आता हिला का काढलंत, तेही सांगा," काकू म्हणाल्या. "मला घाई नाही."