चोवीस निरंक

फिल्ड प्रोजेक्टला मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले. वर्गात सगळ्यात जास्त. गल्लीतल्या बाया विचारतात, पेढे कुठायत गं? कसले पेढे, डोंबलाचे! आमच्या माळाला तारेचं कुंपण घातलंय, आणि ते घालायला माझीच फाईल कामाला आलीय.

ईटच्या फाट्यापासून आत चार किलोमीटरवर आमचं गाव. मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. इकॉलॉजी शिकवायला अनिरुद्ध सर, तुळजापूरचे, तासावर नेमलेले. प्रत्येकानं आपल्या गावातली एक जागा निवडायची आणि तिथं काय काय जगतं ते मोजायचं, असा प्रोजेक्ट. मी माळ घेतला. चाळीस एकर गायरान, सरकारी कागदावर पडीक.

काम साधंच. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन एक मीटरची चौकट आखायची, आत दिसेल ते लिहायचं. अशा बारा चौकटी. सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "ऐकलेलं लिहू नका. आणि जे पाहिलंच नाही त्याचा रकाना कोरा सोडा. कोरा म्हणजे पाहिलं नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि सापडलं नाही. यात फार फरक आहे." हे मी वहीत उतरवून घेतलं, खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या. मोठी हुशार ना मी!

माळावर मला खरं शिकवलं ते विठाबाईनं. माझी चुलती, तिला मी मोठी आई म्हणते. चुलते वारल्यापासून तिचं सगळं बावीस शेरडांवर आणि शेरडांचं सगळं त्या माळावर.

"एवढं शिकून गवत मोजायला आलीस व्हय?" ती हसली. पण मग चौकटीशेजारी बसून एकेक काडी ओळखून द्यायला लागली. ही कुसळी, ही पवन्या, ही मारवेल. फेब्रुवारीत माळ पार वाळून गेलेला, मला तर सगळं एकसारखंच पिवळं दिसायचं. तिच्यामुळं एकोणीस प्रकार निघाले.

"आत्ता काय बघतीस?" ती म्हणाली. "आत्ता माळ निजलाय. पावसाळ्यात ये. टिटवीची अंडी पायाखाली येत्यात. अन् रातच्याला खोकड हिंडतंय हितं, म्या लई बारी बघितलंय."

"तुझं ऐकून लिहिता येत नाही, मोठी आई. मी स्वतः बघायला पाहिजे."

"मंग म्या काय आंधळी हाय का?"

मला हसू आलं तेव्हा.

फॉर्मवर प्रत्येक चौकटीला तीन रकाने होते: दिवसा, रात्री, पावसाळ्यात. रात्री मला माळावर कोण जाऊ देतंय? आणि पावसाळ्याच्या आत तर सेमिस्टरच संपत होतं. म्हणजे बारा चौकटींचे चोवीस रकाने कोरे.

फाईल द्यायच्या आदल्या दिवशी ती वडिलांच्या हाती पडली. वडील बलभीम, गावच्या ग्रामपंचायतीत क्लार्क. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हर्षाली, हे काय? असा अर्धवट कागद टेबलावर ठेवतात का? एकोणीस वर्षांत माझा एक कागद वरून परत आला नाही."

"मग काय लिहू?"

"निरंक लिही."

निरंक म्हणजे काही नाही, कागदावरचा सरकारी शब्द. आमच्या घरात तो मिठासारखा वापरतात. डब्यात साखर निरंक, टाकीत पाणी निरंक. मी बसले आणि चोवीस वेळा तो शब्द लिहिला, अक्षर वळवून वळवून. दोन रेघा मारलेलं वाक्य आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. पण पान भरल्यावर इतकं देखणं दिसत होतं, आणि मला मार्क पाहिजे होते. खोटं कशाला बोलू?

सरांनी फाईल चाळली. "व्वा, एकही रकाना रिकामा नाही," म्हणाले आणि सही केली. स्वतःच सांगितलेलं त्यांना आठवलं नाही. नमुना म्हणून फाईल त्यांनी डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवली.

ऑगस्टच्या ग्रामसभेत कळलं की माळावर सोलरच्या पाट्या बसणार आहेत. कंपनीच्या माणसांनी अहवाल आणला होता, तो वाचायला वडील उभे राहिले. वाचता वाचता एका ओळीवर त्यांचा आवाज जरासा अडखळला. "स्थानिक महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या पाहणीनुसार सदर जागेवर रात्री व पावसाळ्यात जीवसृष्टी निरंक."

बायांच्या घोळक्यातून मोठी आई उठली.

"कुन्या आंधळीनं लिवलंय हे?"

मी मान वर केली नाही. वडिलांनी पुढची ओळ वाचायला घेतली.

मी लगेच अनिरुद्ध सरांना फोन लावला. "कंपनीवाल्यांनी गावचा अभ्यास मागितला, मी तुझ्या फाईलची झेरॉक्स दिली," ते म्हणाले. "पण न पाहता लिहिलंच कशाला तू?" बरोबर विचारलं त्यांनी. सही करताना विचारलं असतं तर?

हरकत असेल तर आठ दिवसांत लेखी द्या, असं सभेत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आईला खरं सांगितलं. ती रागावली नाही. मग म्हणाली, "चल, खुट्या घे."

भुरभुर पावसात आम्ही त्याच बारा चौकटी पुन्हा आखल्या. गवत गुडघ्याला लागत होतं. त्रेचाळीस प्रकार निघाले. सातव्या चौकटीत टिटवीची चार अंडी, मातीच्याच रंगाची, आणि वर ती टिटवी ओरडून ओरडून आमचं डोकं खातेय! मी सगळं लिहिलं. रात्रीचे बारा रकाने कोरे ठेवले. खाली लिहिलं, "फाईलमधली माझी नोंद चुकीची आहे. मी न पाहता निरंक लिहिलं होतं." सही केली आणि कागद वडिलांकडं दिला. आवक नोंद तेच करतात.

त्यांनी तो दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. "देतो," म्हणाले.

दिवाळीनंतर माळावर कुंपणाचे खांब आले. मी ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर मागितलं. वडील जेवायला घरी गेले होते, शिपायानं काढून दिलं. वडिलांचंच अक्षर, एका रेषेत, कुठं खाडाखोड नाही. मुदतीत प्राप्त हरकती: निरंक.

घरी आले तेव्हा ते भाकरी मोडत होते.

"माझा कागद कुठाय?"

"खोटी नोंद केली असं सहीनिशी लिहून दिलंस तू. मार्क काढून घेतले असते. वर्ष गेलं असतं. बाप आहे मी तुझा."

"आणि मोठ्या आईचं काय?"

"तिचं बघू काहीतरी." त्यांनी आमटी वाढून घेतली. इतका संताप आला मला, त्या ताटावरही आणि त्या हातावरही. पण माझंही अक्षर त्याच हाताकडं बघून वळलंय, आणि मार्क माझेच वाचले होते.

महिन्याभरात मोठ्या आईनं शेरडं विकली, सगळी बावीस. बांधावरच्या पाल्यावर किती दिवस जगवणार?

परवा वडील जनावरांच्या मोजणीचा फॉर्म घेऊन तिच्या ओट्यावर बसले. मी दारात उभी होते. गाय, म्हैस, बैल, प्रत्येकाला ती नुसती मान हलवत होती.

"शेळ्या किती लिहू, वहिनी?"

मोठी आई रिकाम्या गोठ्याकडं बघत होती. तिला अक्षर येत नाही, पण तो शब्द तिला आता पाठ झालाय.

"निरंक लिवा, भावजी," ती म्हणाली. "ह्या बारीला खरं हाय."