आप्पांची शंभर टक्के हजेरी

आप्पांच्या डाव्या कुशीवर नागीण उठली बुधवारी, आणि शुक्रवारपर्यंत घरात गुन्हेगार ठरलासुद्धा. गुन्हेगार म्हणजे सून.

पुरावा वरवर पाहता भक्कम होता. सून प्रयोगशाळेत काम करायची आणि तिथे नेमक्या याच कुळातल्या विषाणूंचा अभ्यास चालायचा. नागीण, कांजिण्या, तापात ओठावर फुटणारा जर, सगळी एकाच घराण्यातली मंडळी. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली त्याला बुधवारी बरोबर अठरा दिवस झाले होते. आप्पांनी कॅलेंडरवर बोट फिरवत ते दोनदा मोजले. अठरा दिवसांपूर्वी घरात काही नव्हतं, आज आहे, मधल्या काळात बाहेरून रोज ये-जा करणारं माणूस एकच. मग आणखी काय शोधायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आप्पांचं म्हणणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बत्तीस वर्षं ते कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. सकाळी घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते दारात अडवायचे, पिशवीत हात घालायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "डबा, किल्ली, फोन, पाकीट." मग बाजूला होऊन वाट मोकळी करायचे. सुनेला सुरुवातीला याचा राग यायचा. पुढे दोनदा किल्ली आणि एकदा डबा घरी राहता राहता वाचला, तेव्हा तिने तो राग आवरता घेतला. गुरुवारपासून मात्र त्यांनी तिची पिशवी तपासणं बंद केलं होतं. ती निघाली की ते वर्तमानपत्र उघडायचे. या घरात यापेक्षा कडक शिक्षा नव्हती.

सुनेने समजावून पाहिलं होतं. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तोच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं, शरीराचा पहारा ढिला पडला, की उठतो. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीत प्रमाणपत्र होतं: इयत्ता पहिली ते सातवी, एकही दिवस गैरहजेरी नाही.

"कांजिण्या झालेलं पोर शाळेत बसवून घेतात का?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग? मी रोज शाळेत होतो. हा कागद आहे. तुझ्याकडे कागद आहे का?"

तिच्याकडे कागद नव्हता.

खरी गोम पुढेच होती. चार महिन्यांच्या ठमीला दिवसा सांभाळायचे आप्पा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणजे उचलाउचल सगळी आप्पांची. फोड सुकेपर्यंत त्यांनी ठमीला घ्यायचं नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि तेवढ्यापुरती सुनेच्या नवऱ्याने रजा काढली होती. पण आप्पांनी त्याला स्वतःचं एक कलम जोडलं: फोड सुकल्यावरही, सुनेचं ते काम चालू असेपर्यंत, ही जबाबदारी आपण घेणार नाही. घरात एक तर ते विषाणू येतील, नाही तर नात सांभाळली जाईल. सोमवारपर्यंत काय ते ठरव.

नवऱ्याने दोन्ही बाजूंचं ऐकून दोन्ही वेळा मान डोलावली आणि तो नळाचा वॉशर बदलायला गेला. घरात वाद निघाला की त्याला गळका नळ हमखास सापडायचा.

शनिवारी सकाळी सुनेने राजीनामा लिहिला. तीन ओळींचा. चार वर्षांच्या कामाला तीन ओळी पुरल्या याचंच तिला वाईट वाटलं. पाकीट बंद करून तिने पिशवीत तळाशी ठेवलं आणि आप्पांना औषध लावायला गेली, कारण सासूबाई त्या कामाला तयार नव्हत्या. नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस संपतो, असं त्यांनी कुठून तरी ऐकलेलं. त्या रोज सकाळी शिवणाची टेप घेऊन लांबूनच माप घ्यायच्या. नागीण एका बाजूच्या एकाच नसेवरून चालते, पाठीचा कणा ओलांडून पलीकडे जात नाही, हे सुनेने त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. सासूबाई बरं म्हणाल्या आणि टेप कमरेलाच खोचून ठेवली.

आप्पा पालथे पडले होते. फोड सुकायला लागले होते. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या होत्या. मलम लावता लावता सुनेचा हात उजव्या खांद्यामागे थांबला. तिथे दोन खड्डे होते, डाळीच्या दाण्याएवढे, गोल. आणखी एक मानेखाली, केसांच्या रेषेत.

"आप्पा, हे कशाचे वण?"

"कुठले?"

त्यांना ते ठाऊकच नव्हते. असणार कसे? बत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे खिसे पाहिले, त्याची स्वतःची पाठ कधी तपासणीला आली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, पहिल्यापासून आहेत, मला वाटलं डास. सुनेने मलम लावून संपवलं. हात धुतले, परत आली आणि आत्याबाईंना फोन लावला. आत्याबाई आप्पांच्या थोरल्या बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. कान कमी, आठवण शाबूत. सुनेने फोन स्पीकरवर टाकून आप्पांच्या उशाशी ठेवला आणि विचारलं, आप्पांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?

"झाल्या होत्या की," आत्याबाई म्हणाल्या. "पहिलीत होता. अंगभर. मीच त्याचे हात बांधून बसायचे, खाजवायचा ना."

आप्पा उठून बसले. ते म्हणाले, शक्य नाही, पहिलीत माझी पूर्ण हजेरी आहे.

आत्याबाई इतक्या हसल्या की फोन थरथरला. मग सगळं बाहेर आलं. आईचा त्या हजेरीच्या बक्षिसावर जीव. वर्गशिक्षक कोण, तर सख्खे मामा. आप्पांना पंधरा दिवस मामांच्या माडीवर ठेवलं, घामोळं आलंय असं त्यांनाही सांगितलं, आणि मामा रोज शाळेत जाऊन भाच्याच्या नावापुढे न चुकता हजर लिहून येत. आईने शपथ घातली म्हणून आत्याबाईंनी साठ वर्षं तोंड उघडलं नव्हतं. आता आई नाही, मामा नाहीत, आणि विचारलं तरी कुणी होतं का?

आप्पा बराच वेळ प्रमाणपत्राकडे पाहत राहिले. सुनेला वाटलं, आता हे चिडणार. पण त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. चार दिवस हा माणूस रागावलेला नव्हता, भ्यालेला होता, हे तिला तेव्हा कळलं. बुधवारी सकाळी, आग आग होत असताना, त्यांनी ठमीला तासभर छातीशी घेतलं होतं. दोष बाहेरून आलेला असला की तो दाराबाहेर घालवता येतो.

"म्हणजे माझंच होतं तर," ते म्हणाले. आणि लगेच, हळू आवाजात, "ठमीला?"

फोड सदऱ्याखाली झाकलेले होते, सुनेने सांगितलं. शिवाय तिला स्वतःला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, त्यामुळे पोटात असतानाच ठमीला थोडं संरक्षण मिळालं आहे. डॉक्टरांशीही बोलणं झालं होतं. अजून दोन-अडीच आठवडे लक्ष ठेवायचं, पण घाबरण्यासारखं काही नाही. आप्पांनी तिच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्यांचा मूळ स्वभाव जागा झाला. साठ वर्षं आत बसला आणि कोणाला दिसला नाही? पहारेकरी काय झोपले होते?

सून पलंगाच्या कडेवर टेकली. तुमच्या कारखान्यात प्रत्येक खात्याला आज काय शिवलं त्याचा नमुना काचेच्या खिडकीत टांगावा लागायचा ना, तिने विचारलं. शरीरातही तेच. प्रत्येक पेशी आत जे बनतं त्याचा तुकडा बाहेर टांगते. पहारेकरी पेशी फिरत फिरत बघतात. परका तुकडा दिसला की ते खातंच मोडून टाकतात. हे घराणं काय करतं, तर तुकडा खिडकीपर्यंत पोचूच देत नाही.

"मग खिडकी रिकामी राहणार," आप्पा ताबडतोब म्हणाले. "रिकामी खिडकी दिसली की मी आधी आत शिरायचो."

"शरीरातही तसला दुसरा पहारा आहे. रिकामी खिडकी दिसली की हल्ला. म्हणून यांच्यातला एक चुलतभाऊ खिडकीत खोटा नमुना टांगतो."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. बाही-खात्याचा मुकादम अगदी हेच करायचा. आत उसवलेला माल आणि खिडकीत वर्षभर तोच एक चांगला सदरा. कॉलरवरच्या धुळीवरून पकडला होता त्याला. आणि हा नागिणीवाला?

हा सगळ्यांत हुशार, सून म्हणाली. मज्जातंतूत जाऊन काम जवळजवळ बंदच करतो. शिवणच नाही, तर नमुना कसला? पहारेकरी समोरून जातात, खातं शांत, सगळं ठीक. आता गोळ्यांनी दबला तरी जाणार नाही, परत झोपेल. पहारा जागा ठेवायचा, एवढंच आपल्या हातात. आम्ही प्रयोगशाळेत तेच शोधतो, हे नमुने कसे लपवतात ते.

आप्पांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "मामाला मी पहिल्या आठवड्यात पकडलं असतं."

"काय पकडता," सासूबाई दारातून म्हणाल्या, "पंधरा दिवस त्यांच्याच घरी जेवत होतात." आणि कमरेची टेप काढून त्यांनी शिवणाच्या डब्यात टाकली.

काम सोडण्याबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. सुनेनेही विचारलं नाही. रविवार गेला. राजीनाम्याचं पाकीट पिशवीत तळाशीच होतं.

सोमवारी सकाळी ती चपला घालत होती. आप्पा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत होते. तिने पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे वळली, तर वर्तमानपत्र खुर्चीत होतं आणि आप्पा दारात.

त्यांनी पिशवीत हात घातला. "डबा. किल्ली. फोन. पाकीट." हात आणखी खाली गेला आणि बंद पाकीट घेऊन वर आला. वर प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं नाव होतं. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं, उघडलं नाही, आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

"हे यादीत नाही," ते म्हणाले, आणि वाट मोकळी करून बाजूला झाले.

सून जिना उतरली. खालच्या वळणावर येऊन ती थांबली. वरून आप्पांचा आवाज येत होता. ते दुरूनच ठमीला सांगत होते की अजून सहा-सात दिवस, खपल्या पडल्या की तुझीही तपासणी सुरू.