ऑब्रेवरचा पूल

मी संहिता. हॉलंडात, लायडनमध्ये बसून उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे काढते. हातात कॉफी, पायाला चिखल नाही. धाकटा भाऊ ऋषभ मात्र सॅमन मासे मोजायला कॅनडात गेलाय. ऑब्रे ही सॅमनची नदी, आणि तिच्याच नावाचा तो अख्खा प्रदेश: डोंगर, दलदल, जंगल. लोकसंख्या शून्य. वाट विचारायला कुत्रंसुद्धा नाही हो तिथे.

दोन वर्षांपूर्वी हा प्रदेश माझ्याच टेबलावर आला होता. लाकूडवाल्यांचा जुना रस्ता नदीपाशी येतो, पलीकडून पुन्हा निघतो, आणि मधल्या तुकड्यावर नेमका ढग. मी सरळ रेघ ओढून पूल करून टाकला. इथे रस्ता पाण्याला भिडला की पुढे पूल असतोच. सात वर्षं हॉलंडात राहून मला दुसरं सुचलंच नाही. तपासायचा कंटाळा केला, हेही खरं. वर ऋषभला ऐटीत सांगितलं, की नकाशा माझा आहे, डोळे मिटून जा.

आज दुपारी त्याच्या सॅटेलाइट यंत्रावरून मेसेज आला: "ताई, पूल नाहीये. गाडी नदीत गेली. वाहत पलीकडच्या काठाला लागलोय. पाय मोडलाय." मी उलट वीस मेसेज केले, एकही पोचला नाही.

तिथल्या बचाव केंद्राला फोन लावला. बाई इतकी शांत, की मला तिचा भयंकर राग आला. धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, म्हणाली, पण त्याच्या यंत्राचा इशारा मिळताच गाडी निघालीय, नकाशात पूल आहे, ती पलीकडे जाईल.

"पूल नाहीये. तो नकाशा मीच काढलाय. पूल मी मनानेच ठोकून दिला."

मग तिने दुसरी वाट विचारली. पलीकडचा रस्ता पुढे जंगलातच संपतो. तिथला एकेक ओढा मला पाठ आहे, आणि वाट एकही नाही. तसं सांगितलं. मग माणसं अलीकडेच थांबतील, ती म्हणाली, धुकं उठेपर्यंत. हाक मारली तर त्याला ऐकू जाईल. त्याला काय सांगायचं?

"सांगा, ताईने जागेवरून हलू नकोस म्हटलंय."

तो ऐकेल. अजूनही माझंच ऐकेल, या विचाराने मला रडू फुटलं.