बिनसुकाणूचं जहाज

खोक्यावर लिहिलं होतं, चौदा वर्षांवरील मुलांसाठी. नमितानं ते मोठ्यानं वाचलं आणि सासूकडे पाहिलं.

"आई, हे नक्की तुम्ही मागवलंय? कुणाला प्रेझेंट द्यायचंय का?"

"मीच मागवलंय. चौदाच्या वर आहे ना मी?" गोजरा म्हणाली. "मग झालं तर."

नमिता हसत ऑफिसला निघून गेली. दार लागल्यावर गोजरानं जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, खोकं उघडलं आणि आतले तुकडे बाहेर काढले. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. राखाडी प्लॅस्टिकचे एकशे चार तुकडे, पाच चौकटींना चिकटलेले, प्रत्येकाशेजारी तांदळाएवढा आकडा. तिनं चष्मा पुसला आणि सगळ्यात आधी सुकाणू शोधलं. सदतीस नंबर. करंगळीच्या नखाहून थोडं मोठं. ते चौकटीतच आहे याची खात्री झाल्यावर ती खुर्ची ओढून बसली.

असं जहाज तिनं पूर्वी एकदा जोडलं होतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिचा थोरला भाऊ, सीतारामदादुस, चौदाचा. नेरुळ म्हणजे तेव्हा शेतं, खाडी आणि मिठागरं. बाप मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालनावेवर, तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. मिठागराचं मीठ भरायचं आणि भरती साधून मुंबईच्या बंदरात नेऊन उतरवायचं, हे त्याचं काम. एकदा तिथल्या कुणा खलाशानं त्याला एक फाटकं खोकं दिलं. बापानं ते मुलांपुढे टाकलं आणि म्हणाला, "घ्या, सायबाचा मचवा. जमला तर बांधा."

कागदावर सगळं इंग्रजी. पण चित्रं होती, आणि नाव कशी बांधतात ते त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. दादुसला आकार कळायचा. कुठली फळी कुठे बसेल, ते तो नुसतं बघून सांगायचा. गोजराची बोटं बारीक होती. ती आयच्या अडकित्त्यानं तुकडे चौकटीतून कातरायची. गोंदाची नळी वाळून दगड झाली होती, म्हणून दोघांनी मचव्यासाठी ठेवलेली राळ चोरून वितळवली. दोन महिने लागले. रोज संध्याकाळी ओटीवर बसून दोघं भांडायची आणि जोडायची.

मग वैशाखात एक दिवस आय म्हणाली, "सातवी झाली ना गो? बास झाला आता. सीतारामला पनवेलला हायस्कुलात धाडायचा हाय. तू घरात ऱ्हा."

वर्गात पहिली गोजरा यायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर कुणी नसताना तिनं जहाजाचं सुकाणू उपटलं, मिठागराच्या बांधावर गेली आणि खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीत ते भिरकावून दिलं. दादुसला पनवेल मिळतंय, तर त्याचं जहाज तरी पुरं होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. बारा वर्षांच्या पोरीचा राग. संध्याकाळी ती ते विसरूनही गेली असती.

पण बापानं ते जहाज पाहिलं. त्याच्या घरात मोडकी नाव ठेवायची नाही असा दंडक होता, आणि बिनसुकाणूची तर उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही. "बिनसुकानूची नाव घरात ठेवलीस? आन् उद्या मना पान्यात जायाचा हाय!" असं ओरडत त्यानं सीतारामला मचव्याच्या दोरानं मारलं. "मी नाय हरवला, बाबा, मी नाय," एवढंच सीताराम म्हणत राहिला. गोजरा चुलीशेजारी बसून तांदूळ निवडत होती. त्याच चुलीत बापानं जहाज घातलं. प्लॅस्टिकचा काळा धूर घरभर झाला.

तिसऱ्या दिवशी मचव्याचं सुकाणू घारापुरीच्या अलीकडे वाऱ्यात निखळलं. मचवा फरफटत धक्क्यावर आपटला आणि मधे सापडून बापाचा खुबा मोडला. तो पुन्हा सरळ चालला नाही. त्या पावसाळ्यानंतर सीताराम पनवेलला गेला नाही, मिठागरात गेला. कमावणारा तो एकटाच. आणि दोन वर्षांनी त्यानंच आयला सांगितलं, "गोजीला साळंत घाल परत. घरात एक तरी शिकू दे." त्या शब्दावर गोजरा शिकली, मास्तरीण झाली, तेहतीस वर्षं पोरांना शिकवून पेन्शनीत निघाली.

सुकाणूचं तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो वारला तेव्हाही ते सांगायचं राहूनच गेलं.

आता दादुसच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाच महिने झाले. डावा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. डॉक्टर म्हणाले होते, मानेतली रक्ताची नस साफ करावी लागेल, नाहीतर पुन्हा झटका येईल. ऑपरेशनमध्येही धोका आहे, पण केलेलं बरं. येत्या सोमवारी वाशीच्या हॉस्पिटलात. गोजरानं तारीख ऐकली त्याच दिवशी ठरवलं की सोमवारच्या आत सांगायचं. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही, जहाज घेऊन जायचं. जहाज पुढ्यात असलं की तोंड उघडेल, असं तिला वाटत होतं.

पण बोटं ती राहिली नव्हती. तिला वाटलं होतं, हातांना आठवेल. हातांना काही आठवलं नाही. पहिल्या दिवशी नेलकटरनं तुकडे कापले तर कडा पांढऱ्या पडून चिरल्या. कपाटातून अडकित्ता काढावा लागला. नव्या गोंदानं प्लॅस्टिक वितळतं हे तिला ठाऊक नव्हतं. राळेसारखा तिनं तो सढळ हातानं लावला, आणि तख्ताच्या, म्हणजे डेकच्या, मधोमध तिच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. दोन तोफा उलट्या बसल्या. एक तुकडा फरशीवर उडाला तो तासभर गुडघ्यांवर रांगून शोधला, तर तो तिच्याच पदराला चिकटलेला. नमिता संध्याकाळी यायची आणि टेबल पाहून म्हणायची, "आई, टेन्शन घेऊ नका हां. टाइमपास आहे हा." गोजरा मान हलवायची. टाइम पास होत होता हे तर खरंच. दहा दिवस उरले, मग सहा, मग चार.

गुरुवारी जहाजाची दोन्ही अंगं एकदाची जुळली. तिनं ती रबरानं बांधून ठेवली. शुक्रवारी सकाळी रबर सोडलं, जहाज तळहातावर घेतलं आणि बघत राहिली. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, बाक थेट बापाच्या मचव्यासारखा. तिला कळायच्या आत ती उठली होती, खोबरेलाची बाटली आणली होती आणि फडक्याच्या बोळ्यानं जहाजाच्या अंगाला तेल चोळत होती. खालून वर, नाळेपासून मागपर्यंत. नारळी पुनवेच्या आधी मचवा ओढून वर घ्यायचे, खरवडायचे आणि सगळं घर मिळून त्याला मुशी माशाचं तेल पाजायचं. तेल प्यायल्याशिवाय नाव पाण्यात घालायची नाही. पोरांच्या वाट्याला खालची बाजू यायची. तिनं अगदी खालची बाजूसुद्धा सोडली नाही. किती तरी दिवसांनी हात न अडखळता चालला होता.

शनिवारी तिनं रंग लावला. अळूच्या पानावर पाणी राहावं तसा तो थेंब थेंब होऊन सरकू लागला. दुसरा हात दिला, तिसरा दिला. दुपारी रंग वाळला तेव्हा बोट लागताच त्याचे पापुद्रे सुटायला लागले. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. प्लॅस्टिक! प्लॅस्टिकला तेल पाजलं! ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. धुऊन, वाळवून पुन्हा रंगवायला दिवस कुठला होता? डोलकाठ्या अजून चौकटीतच होत्या. सुकाणूसुद्धा.

रविवारी चार वाजता तिनं जहाज चपलांच्या खोक्यात ठेवलं, सदतीस नंबरचा तुकडा रुमालाच्या गाठीत बांधला, गोंद पिशवीत टाकला आणि चालत शिरवणे गावात माहेरी गेली. जुन्या घराच्या जागी आता चार मजली इमारत होती. वरचे मजले भाड्यानं दिलेले, तळमजल्यावर दादुस आणि पुतळावहिनी.

"या वन्सं," वहिनी दारातच म्हणाली. "तुमीच समजवा. सकाळपासून एक घास नाय खाल्ला. म्हनतात, डॉक्टर सुरी घालनार, मग खाऊन काय करायचा?"

"तू जा, च्या टाक," आतून आवाज आला. "दोगी मिलून बोलू नका."

सीताराम खिडकीजवळ बसला होता. दाढी वाढलेली, डावा हात मांडीवर. गोजरा समोर बसली आणि तिनं खोकं उघडलं.

त्यानं वाकून पाहिलं. मग उजव्या हातानं जहाज उचललं, नाकाशी नेलं.

"खोबरेल?"

"हो."

"प्लॅस्टिकला?"

"चुकून झालं, दादुस."

"अगो मास्तरीन!" तो हसला. अर्धाच चेहरा हसला, पण हसला. "प्लॅस्टिक तेल पितं काय गो? तेहतीस वर्सं पोरांना काय शिकवलंस?" रंगाचा एक पापुद्रा त्याच्या बोटांना चिकटला, तो त्यानं लेंग्याला पुसला. जहाज फिरवून तो बघू लागला. नाळ, तख्त, मग मागची बाजू. तिथे तो थांबला. "सुकानू खय हाय?"

गोजरानं रुमालाची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना.

"दादुस, तेव्हाचं सुकाणू मी काढलं होतं," ती म्हणाली. "तू नव्हतं हरवलंस. मी उपटलं आणि उघाडीत टाकलं. तुला पनवेलला पाठवणार होते म्हणून."

स्वयंपाकघरात वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"मार तू खाल्लास. मी तिथेच होते."

"तांदूल निवडीत व्हतीस," तो म्हणाला.

"हो."

"त्या सुकानूनं बाबाचा खुबा मोडला, असा तुना वाटतं?"

"ठाऊक नाही. तुला?"

"मचव्याचा खिला गंजला व्हता. मी मागनं बघितला ना जाऊन. खिला गंजला, सुकानू निखलला. तुज्या खेलन्यानं कायबी झाला नाय." त्यानं जहाज मांडीवर ठेवलं. गोजराला सुटल्यासारखं वाटलं, आणि ती पुन्हा गाठीकडे वळली इतक्यात तो म्हणाला, "पन आय तसा नव्हती मानत."

गोजरानं गाठीवरची बोटं काढून घेतली.

"आय मरंपर्यंत बोलली. सन आला, बोलली. बाबाची काठी वाजली, बोलली. 'सीतारामनं बिनसुकानूची नाव घरात ठेवली, म्हनून झाला.' माज्या लग्नात बोलली, पुतळाच्या म्होरं. शेवटच्या दिसात मी तिला पानी पाजत व्हतो, तवा बी बोलली. तू उशाला बसलेली व्हतीस गो." त्याचा आवाज चढला नाही. "पोर व्हतीस तवा टाकलास, त्याचा काय नाय. पोराटोरांचा काय धरायचा? पन त्या दिशी तू पोर व्हतीस काय? तुजे केस पांढरे व्हते."

"घाबरले होते, दादुस."

"कोनाला? मरत्या बाईला?"

आयला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा विचार गोजरानं हजार वेळा केला होता. आयचं ते बोलणं दादुस कसं ऐकत असेल, याचा एकदाही केला नव्हता. इतकी वर्षं तिनं एक दुपार, एक चूल, एक दोर एवढंच जपून ठेवलं होतं. त्याच्याकडे रोजचा हिशेब होता आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी ती कुठे बसली होती, ते त्याच्या ध्यानात होतं.

वहिनीनं चहा आणला, दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून परत गेली.

"जाते मी," गोजरा म्हणाली. जहाज उचलायला तिनं हात पुढे केला. "हे घेऊन जाते."

"थांब." त्यानं उजवा हात जहाजावर ठेवला. "असा नको. एवडा वेल बिनसुकानूचा घरात ऱ्हायला ना ता? सुकानू लाव आदी. उद्या मना जायाचा हाय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. गंजलेल्या खिळ्याचं सांगणारा तोच होता. पण तो तिच्याकडे बघत नव्हता, जहाजाच्या मागच्या बाजूकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

गाठ दातांनी सोडावी लागली. गोंदाचा थेंब मोठा पडला, तिनं तो पदरानं टिपला. तुकडा दोन बोटांत धरला. पहिल्यांदा सुकाणू खाचेच्या बाजूला गेलं. दुसऱ्यांदा निसटून त्याच्या मांडीवर पडलं, निर्जीव तळहाताशेजारी. त्यानं ते उचलून तिच्या हातावर ठेवलं.

"तेल लागलाय तितं," तो म्हणाला. "पूस आदी. नीट पूस."

तिनं पुसलं. मग त्यानं जहाज उजव्या हातात घट्ट धरलं, छातीशी टेकवून, आणि ती त्याच्यावर वाकली. तुकडा खाचेत गेला.

"सोडू नको."

"नाही सोडत."

"वाकडा बसला."

तिला दिसत होतं. सुकाणू डावीकडे कललं होतं. "काढू? पुन्हा लावू?"

त्यानं मान तिरकी करून सुकाणू पाहिलं.

"नको. ऱ्हाऊ दे. पुन्ना काडू नको ता," तो म्हणाला. "किती वेल धरायचा?"

"कागदावर अर्धा तास लिहिलंय."

"धर मग."

चहावर साय आली. गोजराची कंबर दुखायला लागली, पण ती सरळ झाली नाही. त्याचा श्वास तिच्या मनगटावर लागत होता, खोबरेलाचा वास येत होता. तिला म्हणायचं होतं, मला माफ कर. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तो घड्याळाकडे बघत होता, आणि अजून बावीस मिनिटं होती.