ढिगाऱ्यावरच्या बाया

उज्वलानं पडद्यावरच्या बाईचा पदर कमरेला खोचला, तिच्या हातात खोरं दिलं आणि लॅपटॉप मोहसीनकडं वळवला.

"आता चालव."

मोहसीननं बटण दाबलं. बाई ढिगाऱ्यावर चढली, वाकली, तिनं मातीला कान लावला. दगडांखालून क्षीण आवाज आला, तशी ती खणू लागली. लातुरात शिकवण्यांच्या गल्लीतल्या एका मेसवरच्या खोलीत दोघं सात महिने हा गेम करत होते. त्र्याण्णवचा भूकंप, आणि ढिगाऱ्याखालची माणसं वेळेत बाहेर काढायची.

गेम बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचे दयानंद सर फोनवर होते. गेम त्यांना आवडला होता. एकच गोष्ट खटकत होती.

"नायक एखादा जवान ठेवा ना. बाई ढिगाऱ्याखाली असू द्या, तो तिला बाहेर काढेल. पोरं बाई घेऊन खेळत नाहीत, उज्वला."

"जवान नंतर आले, सर. पहिल्या दिवशी माणसं माझ्या आईनं काढली."

"ते कुणाला माहीत आहे?"

"म्हणूनच तर."

दयानंद सर हसले. "गुरुवारपर्यंत सांगा," म्हणाले.

उज्वला लातुरात आली होती डॉक्टर व्हायला. दोन वर्षं शिकवणी झाली, दोन्ही वेळा नंबर हुकला. मग तिनं हे गेम बनवणं शिकून घेतलं. भूकंप तिच्या जन्माआधीचा. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की गावातली दगडी घरं बसली, शेतातल्या आखाड्यावरची तिच्या आईबापाची झोपडी तगली, आणि आई खोरं घेऊन गावाकडं पळत सुटली. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं जिवंत निघाली. हेही तिला लोकांनी सांगितलं होतं. आईनं नाही.

बुधवारी आई, सिंधु, डोळे तपासायला लातुरात आली. मोहसीननं तिला खुर्ची दिली.

"मावशी, ही तुम्ही."

सिंधु बराच वेळ बघत राहिली. "लई गोरी केलीस की रं," म्हणाली. मग एका बोटानं बटणं दाबत तिनं पडद्यावरच्या बाईला चालवायला घेतलं. पहिलं माणूस निघालं. दुसरं निघालं. तिसऱ्यावर तुळई आडवी पडली होती. बाईनं ती एकटीनं उचलली. सिंधुनं बोट मागं घेतलं.

"हे खोटं हाय."

उज्वलाचा चेहरा उतरला. "काय खोटं, आई?"

"एकल्या बाईला तुळई उचलती का? सातजणी होतो आम्ही."

आपल्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात हा आकडा उज्वला पहिल्यांदा ऐकत होती. तिनं वही ओढली.

"वहिदा होती. बांगड्या विकायची, पत्र्याच्या खोलीत राहायची, म्हणून वाचली. मातीला कान ती लावायची, मी न्हाई. हितं हाय म्हणायची, मग मी खणायची. तिची पोरगी अफसाना बारीक होती, फटीतनं आत जायची. अन् व्यंकटीची बायको..."

उज्वला लिहू लागली, तशी सिंधुनं तिचा हात धरला.

"असं न्हाई लिहायचं. नाव हाय तिला. थांब."

ती डोळे मिटून बसली. खालून मेसच्या ताटांचा आवाज येत होता.

"गोदावरी," सिंधु म्हणाली. "गोदावरी. लिही."

गुरुवारी उज्वलानं स्वतःहून फोन लावला.

"सर, एक बाई नाही ठेवणार. सात ठेवणार. पोरं त्यातली हवी ती निवडतील."

"मग आम्हाला जमणार नाही," दयानंद सर म्हणाले.

"बरं, सर." तिनं फोन ठेवला. मान ताठ होती. मोहसीननं न विचारताच पुढची बाई काढायला पडद्यावर कोरं पान उघडलं.

सिंधुचे डोळे बुधवारीच तपासून झाले होते. तरी शनिवारी ती मोहसीनच्या पाठीमागं उभी राहून सांगत होती. वहिदाचं कपाळ रुंद कर, अजून जरा, आता झाली. तेवढ्यात गावाकडून नवऱ्याचा, दगडोबाचा, फोन आला.

"अगं, कवा येतीस? काय करायलीस तिथं?"

सिंधुनं पडद्यावरून नजर हलवली नाही.

"बाया काढायलोत," ती म्हणाली. "दोघी निघाल्या. पाचजणी राहिल्यात."