टोकाची फेरी

झाखारनं खाऱ्या पाण्याची बादली फिरत्या इंजिनाच्या तोंडात उपडी केली, आणि पुढच्याच क्षणी नेस्तीरची मूठ त्याच्या जबड्यावर बसली.

झाखार रक्त थुंकला आणि खदाखदा हसला.

"समुद्रावर तुझ्या लाडोबाला गाळलेली हवा कोण देणार रे, विमानवाल्या? तुझी मावशी?"

"गाढवा, हे आकाशातलं यंत्र आहे!"

"होतं. आता युद्धनौकेत बसायचंय त्याला. बसेल, नाहीतर मरेल."

मिकोलायिव या बंदराच्या शहरातल्या त्या कारखान्यात या दोघांचं कधी पटलंच नाही. नेस्तीर कोर्जची हयात विमानांची इंजिनं घडवण्यात गेलेली. युद्ध संपलं आणि वरून हुकूम आला, त्यातलंच एक जहाजासाठी तयार कर. झाखार प्रिमा चाचणीघराचा प्रमुख, जुना नौसैनिक. बॉयलर फुटून त्याच्या डोळ्यांदेखत माणसं शिजली होती. त्याचा यंत्रांवर विश्वास नव्हता, आणि ती बनवणाऱ्यांवर तर मुळीच नव्हता.

पण तो म्हणत होता ते खरं निघालं. मिठानं इंजिनाची पाती वाळवीनं दार खावं तशी खाल्ली. नेस्तीरनं मुकाट्यानं पाती बदलली, त्यांवर लेप चढवला आणि हवेच्या वाटेवर चाचणीसाठी खाऱ्या पाण्याचे फवारे स्वतःच्या हातानं बसवले. त्या दिवशी झाखारनं खारवलेला मासा आणि व्होडका आणली. सुजलेल्या जबड्यानं मासा चावताना त्यानं नेस्तीरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोस्ती झाली ती अशी.

नव्या पात्यांवरही डाग दिसू लागले तेव्हा नेस्तीरनं कचेरीतून चाचणीघराला फोन लावला.

"झाखार, आता टोकाची फेरी घे. मग उघडून बघू."

विमानवाले 'शेवटचं' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. शेवटचं उड्डाण म्हणावं आणि ते खरंच शेवटचं ठरावं, हे त्यांनी फार वेळा पाहिलेलं असतं. म्हणून ते 'टोकाचं' म्हणतात. नेस्तीरच्या जिभेला तेच वळण होतं. बोटीवर मात्र टोकाचं म्हणजे यंत्रात असेल नसेल तेवढा सगळा जोर.

झाखारनं दांडा पुढे रेटला.

इंजिनाचा आवाज चढत गेला तसा नेस्तीर जिन्यावरून धावत सुटला. तो अंगणात पोचला आणि चाचणीघराचं छप्पर उडालं. इंजिनातली पात्यांची पोलादी चकती फुटून तिचे तुकडे विटांच्या भिंतीतून आरपार गेले होते. आत तेल पेटलं होतं. ओनिसिम नावाचा फिटर भिंतीला टेकून बसला होता, पण त्याची छाती जागेवर नव्हती. झाखारचा उजवा हात बाहीच्या आधारानं लोंबत होता, आणि डाव्या हातानं तो अजून तेलाचा कॉक आवळत होता.

"दिली... टोकाची," तो म्हणाला. "नाही सोसली तुझ्या लाडोबाला."

आपला शब्द झाखारनं खलाशाच्या अर्थानं घेतला, हे नेस्तीरला तेव्हा उमगलं. त्यानं कंबरेचा पट्टा काढून तो हात खांद्याशी करकचून बांधला.

माणूस मेला होता, तेव्हा कुणाला तरी तुरुंगात जाणं भाग होतं. घातपाताचा शिक्का बसला की उत्तरेची सक्तमजुरीची छावणी. तिथं एका हाताचा माणूस एक हिवाळाही काढत नाही. चौकशीला आलेले कर्नल लोबोदा स्वतः जुने वैमानिक. त्यांनी दार लावून घेतलं.

"टेलिफोनवरच्या मुलीनं तुमचे शब्द ऐकलेत. टोकाची फेरी." ते किंचित हसले. "अहो, आपण आकाशातली माणसं. टोकाची म्हणजे शेवटची, हे मला कुणी शिकवायला नको. हुकूम साधा होता, त्या खलाशानं मनानंच जोर वाढवला. तेवढं लिहा आणि घरी जा."

आपण 'टोकाची' म्हणालो ते शेवटची याच अर्थानं, हे खरं होतं, आणि त्याचाच नेस्तीरला संताप आला.

"नाही, कॉम्रेड कर्नल."

"काय नाही?"

"मी जहाजवाल्याशी बोलत होतो. टोकाची म्हणजे पूर्ण जोर. तोच माझा हुकूम होता."

"नेस्तीर पावलोविच, काय बोलताय ते कळतंय ना?"

"कळतंय. लिहून घ्या."

कर्नलांनी जबाब लिहून घेतला. मग त्यांनी उठून दार उघडलं. झाखारला पकडायला इस्पितळात निघालेले दोन शिपाई बाहेर टोप्या घालून उभे होते. त्यांना आता तेवढं लांब जावं लागणार नव्हतं.